कापसात हात घातल्याशिवाय

मूर्तिजापूरच्या स्टँडवर पाण्याची बाटली घेऊन नईमा बसमध्ये परतली आणि जागच्या जागी थबकली. जागा धरायला ठेवलेली तिची नमुन्याची पांढरीशुभ्र उशी... तिच्यावर डोकं टेकून एक तरुण खुशाल झोपला होता!

"ओ— उठा! जागा धरली होती मी."

तो दचकला, पण उशी काही सोडेना. "मंग चूक उशीची हाय. इतकी मऊ काहून केली?"

नईमानं हसू ओढणीत दाबलं. हसायचे दिवस नव्हते. बोंडअळीनं यंदा कपाशी फस्त केली, गावोगावची लग्नं पुढं गेली, मग लग्नाच्या गाद्या भरून घेणार कोण? अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गादीच्या दुकानात तिचे अब्बा, अब्दुल सत्तार, नुसते बसून असायचे. शेवटी त्यांनी कापूस पिंजायचं यंत्रच विकायला काढलं. रविवारी व्यापारी न्यायला येणार होता. त्याआधी बाहेरगावच्या ऑर्डरी आल्या तर यंत्र राहील, नाहीतर दुकान संपलं.

म्हणून ती अमरावतीला निघाली होती. 'नवा संसार' नावाच्या ब्लॉगवर पैसे देऊन लेख द्यायचा, खाली दुकानाचा पत्ता आणि फोन.

"नवा संसार?" तिच्या तोंडून हे ऐकताच तरुण सरळ होऊन बसला. "तो तर माझाच ब्लॉग! मी दानिश."

"वाचणारे खरे कशावरून?" तिनं डोळे बारीक केले.

त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. "कापसात घालता तसा हात घालून पाहा."

बडनेरा येईपर्यंत ती वाचत होती. पडदे कुठले घ्यावेत, मिक्सर कुठला... नव्या नवऱ्या विचारत होत्या, एकमेकींना सांगत होत्या. माणसं खरी होती.

"याआधी कुठं लेख दिला होता?" त्यानं विचारलं.

"मोबाइलच्या एका ब्लॉगवर. वाचक लाखांनी होते."

"अन् गाद्या किती खपल्या?"

"एकही नाही."

"मोबाइल पाहणारा गादी कायले घेईन?" तो हळूच म्हणाला. "माझ्याकडं द्या. पन दुकानाची तारीफ नको. गादी न घेणाऱ्यालेही कामी पडेल असं लिहा. अन् पैसे देऊन छापलेला लेख हाय, हे मी वर लिहीन."

"मग वाचेल कोण?" तिचा पारा चढला.

"खोटं बोललो तर उद्या कोनीच नाही वाचनार. तुमचं बी नाही, माझं बी नाही."

राग आला, पण माणूस पटला. आणि उतरताना त्यानं उशी परत देताना जे वळून पाहिलं ना... त्यानं तर तिची घालमेलच झाली.

गादीतला कापूस नवा की जुना हे कसं ओळखावं, असा लेख तिनं लिहिला. तो छापूनही आला. पण फोन काही वाजेना. रविवार उजाडला. दारात टेम्पो लागला, व्यापारी यंत्राचे नट तपासू लागला, आणि तेवढ्यात धुळीनं माखलेला दानिश धापा टाकत आत शिरला.

"चूप काहून बसल्या तुमी? लेखाखाली लोकं विचारून विचारून थकले!"

"वाचलं मी सगळं," नईमा गोंधळली. "पण आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापसात हात घालत नाही तोवर आम्ही तोंड उघडत नाही. आजोबांची रीत. आधी माल बोलेल."

"पुन्याच्या बाईनं हात कुठून घालावा? मोबाइलमधून?" त्यानं स्क्रीन पुढं धरली. शेवटी कुणीतरी विचारलं होतं, 'पैशाचा लेख. दुकान तरी खरं आहे का?'

"मग तुम्ही सांगायचं!"

"मी पैसे घेतले. माझी गवाही कोन मानीन? तुमीच बोला, नईमा."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. तिनं मोबाइल ओढला. "अब्बा, यंत्र चालू करा!"

यंत्र घरघरलं, कापूस उडाला, आणि ती व्हिडिओत बोलू लागली— हे आमचं दुकान, हे माझे अब्बा, हा नवा कोरा कापूस. तो व्हिडिओ लेखाखाली टाकून तिनं एकेकाला उत्तर दिलं. व्यापारी घड्याळ पाहत होता.

फोन वाजला. पुण्याहून. लेकीच्या लग्नाच्या गाद्या हव्या होत्या. ठेवला, तर पुन्हा वाजला. मग पुन्हा.

अब्बा उठले आणि व्यापाऱ्यासमोर उभे राहिले. "भाऊ, यंत्र गरम हाय. आता नाही उचलता येनार."

टेम्पो गेला. नईमाच्या डोळ्यांना धार लागली. दानिशच्या केसांत, भुवयांवर कापूस बसला होता. त्यानं कापसाच्या ढिगात हात घातला, तोंड उघडलं... आणि मिटलं. सगळ्या जगाला संसार शिकवणाऱ्याची बोबडी वळली होती!

"हात घातला की बोलावं लागते," ती पुटपुटली.

"भेव लागून राहिलं मले."

या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला बसपासूनच ठाऊक होतं. दुकानाची रीत मोडलीच होती, आता मुलीनं आधी न बोलायची रीतही मोडायची.

"मग मीच बोलते. पुढच्या रविवारी या... तुमच्या अम्मीले सोबत घेऊन."

तो पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अन् माझी उशी?"

"एक कशाले?" ती ओढणीआड हसली. "जोडी भरून ठेवते."