फाटकापाशीचा बार

छप्पन्न सालची, शिमग्याच्या आदल्या दिवसाची रात्र. फणसवाडीतले वकील कमलाकांत गाडी घेऊन डिलाईल रोडला निघाले, रामजी मेकॅनिकला आणायला. काम साधंच होतं, गाडीचा एक आवाज बंद करायचा. हसू नका रे. कमलाकांतना मी ओळखत होतो, म्हणून सांगतो.

गाडी जुनी, विलायती, शर्यतीच्या घाटाची, दोनच माणसांची. दोन कार्ब्युरेटर. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून धाड् करून बार उडायचा. रामजीने दिवाळीतच बजावलं होतं, "साहेब, एका कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येतंय, आणि सायलेन्सरचा सांधा हवा खातोय. अर्ध्या दिवसाचं काम."

"राहू दे रे. वाडीला कळतं, मी आलो."

कळायचंच. बार ऐकला की जगदीश धावायचा. तळमजल्यावरच्या यशोदाबाईंचा एकुलता एक, कॉलेजात जाणारा. फाटक उघडून सलाम ठोकायचा, "या, तोफखाना!"

मग जानेवारी आला. मुंबई मागितली म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या संध्याकाळी वाडीबाहेर आवाज झाला. धाड्. कमलाकांत तेव्हा गाडीसकट शिवाजी पार्कला बहिणीकडे अडकलेले. जगदीशला काय ठाऊक?

"तोफखाना आला," म्हणत त्याने फाटक उघडलं. दुसरा आवाज त्याने ऐकलाच नसेल.

सकाळी पोलिसांचं पत्रक निघालं: एक दंगलखोर ठार. दंगलखोर! हातात फाटकाची कडी होती त्याच्या.

यशोदाबाई कमलाकांतना एवढंच म्हणाल्या, "तुमचीच गाडी वाटली हो त्याला."

आठवडाभरात कमलाकांतनी सगळं करून घेतलं. सांधा बदलला, सायलेन्सर नवा, प्लग नवे, टायमिंग नीट. गाडी मांजराच्या पावलांनी चालू लागली. फक्त वाडीच्या फाटकापाशी... धाड्. रोज रात्री. आणि रोज यशोदाबाईंच्या खोलीत दिवा लागायचा. त्या माउलीची झोप तरी परत द्यावी, एवढंच आता कमलाकांतना हवं होतं.

त्या रात्री रामजी शेजारी बसला. गिरगावापर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही. वाडीच्या वळणावर त्याने इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि खिशात टाकली.

"आता ठिणगीच नाही साहेब. बार कुठनं उडतोय? ढकला."

दोघे ढकलू लागले. साडेबारा होऊन गेले होते. रस्ता सुना.

फाटक जवळ आलं.

"बघा, काही झालं का? उगाच..."

धाड्.

रामजीने खिसा चाचपला. टोपी तिथेच होती.

खोलीत दिवा लागला.

मग कडी वाजली. आतून. फाटक सावकाश उघडलं... पूर्ण उघडलं.

आत कोणी नव्हतं.

कमलाकांत रस्त्यातच बसले. "जगदीश... मी नव्हतो रे. नको उघडूस..."

यशोदाबाई दारात आल्या होत्या.

"आला का?" त्यांनी विचारलं.

कोण, ते कोणी विचारलं नाही.

उजाडल्यावर रामजीने सायलेन्सर उतरवला. नव्या पत्र्याला करंगळीएवढं भोक. बार आतून उडतो, पत्रा बाहेरच्या बाजूला फाटतो; जन्मभर त्याने तेच पाहिलं होतं. मग कमलाकांतचा हात धरून त्यांचं बोट त्याने भोकाच्या कडेवर ठेवलं.

पत्रा आत वळला होता.