दर मंगळवारी सहा

फिजिओथेरपी केंद्रात व्यायामाचा रबरी पट्टा एकच उरला होता आणि त्यावर हात पडले दोन.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "माझी कंबर कुठे पळून जातेय?"

तिला हसू आलं. हसताना मान आखडली, म्हणून ती जराशी चिडलीही. शिवणकाम करणारी ती. तीन वर्षं तिची मान आणि उजवा खांदा ठणकत होता. तपासण्यांत काही निघेना, तेव्हा दोन डॉक्टरांनी आणि घरच्या सगळ्यांनी "मनावर घेऊ नकोस" म्हणून तिची बोळवण केली होती. या केंद्रातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र तिचं सगळं ऐकून घेतलं. मशीनची उंची विचारली, झोप विचारली, आणि म्हणाल्या, "शून्य ते दहा, आज किती दुखतंय? तुम्ही सांगाल तो आकडा खरा." त्या दिवशी घरी जाऊन ती मनसोक्त रडली.

तो बसचालक, कंबर धरल्यामुळे रजेवर. दोघांची वेळ मंगळवारची.

"आज किती?" तो विचारायचा.

"पाच. तुमचं?"

"सहा... तुम्ही आलात की साडेपाच."

"अर्धे आकडे बाई लिहून घेत नाहीत."

मशीन उंच टेबलावर गेलं, दर अर्ध्या तासाने उठणं अंगवळणी पडलं, आणि दोन महिन्यांत तिचा आकडा तीनवर उतरला. त्याचा सहा मात्र जागचा हलेना. "असंच राहिलं तर डेपोला कळवावं लागेल," बाई त्याला म्हणाल्या. "बस सोडून टेबलावरचं काम घ्यावं लागेल." शेजारी पट्टा ताणताना तिने ते ऐकलं.

पुढच्या मंगळवारी तो आरशासमोर उभा होता. सुरुवातीला तो एका बाजूला कलून चालायचा, शर्टाची डावी कड दोन बोटं खाली लोंबायची. आज दोन्ही कडा एका रेषेत होत्या. शिवणकाम करणारीची नजर ती, फसायची कशी?

"तुमचा शर्ट सरळ झालाय," ती हळूच म्हणाली. "कधीपासून?"

तो गोरामोरा झाला. "तीन आठवडे. दोनवर आलंय... पण सांगितलं असतं तर इथलं येणं बंद झालं असतं. मग मंगळवारी तुम्ही—"

एरवी ती लाजली असती. आज तिचं डोकं फिरलं.

"माझं खरं दुखणं तीन वर्षं कुणी खरं मानलं नाही," ती म्हणाली. "आणि इथे ज्या बाई विश्वास ठेवतात, त्यांनाच तुम्ही फसवताय? वर हातची बसही घालवताय? आत जा आणि खरं सांगा. नाहीतर मी माझी वेळ बदलून घेते."

तो गेला. दार अर्धवट उघडं होतं.

"दोन," त्याचा आवाज आला. "तीन आठवड्यांपासून. बाहेर त्या आहेत ना... त्यांच्यासाठी खोटं बोललो."

बाईंनी सहा खोडून दोन लिहिलं. मग कोरडेपणाने म्हणाल्या, "सोमवारपासून कामावर रुजू व्हा. व्यायाम घरी करायचा, रोज."

तो बाहेर आला आणि तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"विचारलं असतंत," ती पट्टा गुंडाळत म्हणाली, "तर मी केव्हाच हो म्हटलं असतं."

"मग... आता विचारू?"

"आता नाही. आता मी रागावलेय." तिने पर्स खांद्याला लावली आणि दाराशी थांबली. "कोपऱ्यापर्यंत चालत या सोबत. तिथे विचारा."