राजकन्येच्या अंगावर रेलून बसलेला राक्षस

"हा राक्षस कुणी काढलाय? ह्याला तर चहा पाजावासा वाटतो!"

प्रकाशनाच्या कचेरीत मी टेबलाखाली वाकून सांडलेले खडू गोळा करत होते. तिथूनच म्हटलं, "पाजा की. साखर जरा जास्त लागते त्याला."

वर पाहिलं तर... विस्कटलेले केस, भिजलेली बाही आणि चक्क लाजलेला चेहरा. मुलांसाठीच्या एका जादूच्या कादंबरीचं काम चालू होतं; लेखक तो, आणि चित्रं माझी. संपादकबाईंनी आमची ओळख करून द्यायच्या आतच ती झाली.

गोष्टीतल्या राजकन्येला एक राक्षस छळतो. तो आला की तिला उठवत नाही, जेवण जात नाही, आवडतं गाणंही नको होतं. लेखकमहाशयांनी त्याला सुळे आणि शिंगं दिली होती. मी ती काढून टाकली आणि त्याला नुसता तिच्या अंगावर रेलून बसवला.

"तो इतका जड असतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज."

"आणि डोळे असे झोपाळू का?"

"तुम्ही सगळ्यांनाच इतके प्रश्न विचारता?"

"छे हो! काही चित्रकारांनाच..."

मग तो सारखा येऊ लागला. कधी राजवाड्याच्या खिडक्यांबद्दल विचारायला, कधी विसरलेलं पेन न्यायला. संपादकबाई चष्म्यावरून बघायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. जिन्यात पावलं वाजली की माझेही कान टवकारायचे — टवकारायचे हो, खोटं कशाला बोलू!

शेवटचं चित्र मात्र माझ्या हातून होईना. त्यात राजकन्या जादूच्या तलवारीने राक्षसाला ठार मारते आणि सगळं छान होतं.

"हे मी काढणार नाही," एकदा मी सांगूनच टाकलं.

"का?"

"एखादी मुलगी वाचेल आणि म्हणेल, माझा का नाही मेला? मीच लेचीपेची असणार."

"कुठली मुलगी?"

आता आली का पंचाईत! ताईने बजावलं होतं — लगेच सांगू नकोस गं, माणसं ऐकतात, मान डोलावतात आणि मग फिरकत नाहीत. आणि हा फिरकला नाही तर मला फार लागणार होतं. पण त्या मुलीची बाजू घ्यायची आणि स्वतः लपून बसायचं, हे काही जमेना.

"मी," म्हटलं. "मला नैराश्याचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडे जाते. बहुतेक दिवस बरे जातात. काही... नाही जात."

त्याने हस्तलिखिताचं शेवटचं पान पुढे ओढलं. एकही प्रश्न नाही. संपलं, मी मनात म्हटलं, आणि स्वच्छ असलेला ब्रश उगाच धुवायला घेतला.

"तलवार काढून टाकतो," तो म्हणाला. "राक्षस जाईल, परत येईल. आणि ती त्याच्यासकट राज्य चालवेल. चालेल?"

"पळेल!" माझा आवाज जरा चिरकलाच.

"आणखी एक विचारू? हे पुस्तकासाठी नाही."

"विचारा."

"तुमच्या त्या दिवसांत... मी आलो, तर काय करू? बोलत राहू, की गप्प बसू?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले.

"गप्प बस," मी म्हटलं. "पण — बस. उठून जाऊ नकोस."

अहो-जाहो कधी गळून पडलं, मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं होतं. त्याने स्टूल ओढलं आणि माझ्या गुडघ्याला गुडघा टेकेल इतक्या जवळ येऊन बसला.

"असं?"

"हं... असंच."