कडी बाहेरच्या बाजूला

वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर सगळं विसरलेली माणसं राहत. लिफ्टला आकड्यांचं कुलूप होतं आणि खिडक्या चार बोटं उघडत, त्यापुढे नाही. फिनेलचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास तिथून कधी हलत नसे.

मी मेंदूची डॉक्टर. वर्षानुवर्षं स्वतःचं नाव न आठवणारी माणसं कधीकधी अचानक लख्ख शुद्धीवर येतात, थोडा वेळ अगदी पूर्वीसारखी बोलतात आणि पुन्हा विझतात. असं का होतं हे कुणालाच नीट ठाऊक नाही. ते शोधायचं म्हणून मी रोज दुपारी कॅमेरा लावून त्यांच्यासमोर बसायची. बहुतेक दुपारी काहीच घडायचं नाही.

पहिले बोलले ते कंडक्टरकाका. सगळं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेलं. पण या मजल्यावर आल्यापासून त्यांच्या तोंडून धड वाक्य आलं नव्हतं. सिस्टर सूप भरवत होत्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"सिस्टर, जरा दमानं. दात गेले, पण हिरड्या अजून माझ्याच आहेत."

सिस्टरच्या हातून चमचा वाडग्यात पडला. काकांच्या मुलाला फोन करायला त्या धावतच बाहेर गेल्या. मी खुर्ची पुढे ओढली.

"काका, इतके दिवस कुठे होतात?"

"त्या खोलीत." बस चुकल्यावर माणूस बोलतो तसे ते वैतागून बोलत होते. "खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा. भिंतीला लागून बाकडी. एक नळ आहे, तो बंद होत नाही. दार आहे, पण कडी बाहेरच्या बाजूला. कुणी उघडली तर यायचं. आज तुम्ही उघडलीत."

मुलगा हातात हेल्मेट घेऊन धापा टाकत आला, तेव्हा काका पुन्हा विझून सुपावर धरलेल्या सायीकडे बघत होते. तो ऊन उतरेपर्यंत बसून राहिला.

"बाबांनी मला नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं हो," तो जाताना म्हणाला.

मुख्याध्यापिका बाई मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेल्या. काकांना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले असताना त्यांनी मान वळवली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "त्या कंडक्टरला आवरा कुणीतरी. उठता-बसता 'पुढे सरका, पुढे सरका'. सरकायला जागा कुठे आहे तिथे? आणि तो नळ!"

मी स्वतःला समजावलं, नर्सेस बोलतात, आजाऱ्यांच्या कानावर पडतं. पण काका खोलीबद्दल बोलले तेव्हा सिस्टर बाहेर फोनवर होत्या. ते फक्त मी ऐकलं होतं.

"आणखी कोण कोण असतं तिथे?" मी विचारलं.

"बरेच आहेत. एक शिंपी आहे. एक सुईण आहे, बिचारी सारखे हात धुते. आणि तुम्ही."

"मी?"

"भिंतीकडे तोंड करून उभ्या असता. हाक मारली तरी वळत नाही. अशा मुली शाळेत खूप पाहिल्यात मी. घरी काहीतरी बिनसलेलं असतं."

मी माझा मेंदू तपासून घेतला. स्मरणशक्तीच्या चाचण्याही दिल्या. तपासणारा माझा जुना मित्र पडद्यावरची चित्रं बघून हसला. "तुझा मेंदू माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. रजा घे."

घरी जेवताना नवरा म्हणाला, "हल्ली किती शांत असतेस तू. बरं वाटतं."

"म्हणजे? आधी कशी होते?"

"आधी?" तो जरा थांबला. "भाजी वाढ ना."

मी रजा घेतली. त्या काळात तिसऱ्या मजल्यावर कुणीही शुद्धीवर आलं नाही. मग एका सकाळी कंडक्टरकाकांचा मुलगा माझ्या घरी येऊन उभा राहिला.

"डॉक्टर, तुम्ही समोर बसल्याशिवाय बाबा येत नाहीत. एकदाच या. मी त्यांना तिथे ठेवलं, त्याबद्दल त्यांची..."

नाही कसं म्हणणार? मी गेले. लिफ्टचं दार मागे लागलं आणि कुलूप खटकन बसलं. एरवी तो आवाज माझ्या कानात शिरतही नसे.

काका खिडकीपाशी बसले होते. मी समोर बसले, मुलगा माझ्या शेजारी.

मग काकांनी डोळे वर केले.

"आलास? जेवलास का?"

"बाबा, मी तुम्हाला इथे आणून टाकलं..."

"बरं केलंस. घरी गॅस उघडा टाकून सगळ्यांना घेऊन गेलो असतो मी."

तो रडता रडता हसला. काकाही हसले. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि दाढी वाढल्याबद्दल रागे भरले. आलो ते बरं झालं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मग मुलाचा हात हातात ठेवूनच ते माझ्याकडे वळले.

"शेवटी वळलात हो, बाई."

मी खुर्चीत पुढे वाकले.

"काल तोंड दाखवलंत. बोललात पण."

"काय बोलले मी?"

"विचारत होतात, बाहेर माझ्या जागेवर कोण बसतंय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाहेरच्या बाई चांगल्या आहेत. आमची चौकशी करतात, प्रेमानं बोलतात." काकांचा आवाज बारीक झाला. "तर तुम्ही रडायलाच लागलात."

त्यांची नजर माझ्यावरून घसरली आणि विझली.

मुलाने वडिलांचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने मात्र त्याने आपली खुर्ची माझ्यापासून थोडी दूर सरकवली.