सातवं नाव

पोरांनो, मोबाइल खिशात घाला अन् ऐका. अयोध्याबाई माझ्या शेजारच्या, मुदखेडच्या शाळेतून रिटायर झालेल्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला न्हाई. असं माणूस खोटं कशाला बोलेल?

आमच्या भागाचा इतिहास लिहायला बसलेली ही पहिली बाई. लोक हसले. बाई हटल्या न्हाईत. गावोगाव म्हाताऱ्या बायकांना गाठायचं, त्या सांगतील ते वहीत लिहायचं, खाली अंगठा घ्यायचा. देगलूरकडच्या एका गावात रझाकाराच्या साली सात बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या होत्या. जुन्या पुस्तकांत नुसतं 'सात बायका'. बाईंनी चार वर्षांत सहा नावं मिळवली. सातवं सांगणारी एकच उरली होती, नव्वदीची गुरम्मा. तिच्या लेकानं, मल्लिनाथनं, बाईंना दोनदा दारातून परत पाठवलं. "आमच्या घरात तसलं काय घडलं न्हाई."

गेल्या मार्गशीर्षात कळलं, गुरम्मानं अन्न सोडलंय. ही गेली तर ते नाव कायमचं गेलं. त्यांनी अंगठ्यासाठी शाईचं नवं पॅड घेतलं, पिशवीत टाकलं अन् एसटी धरली.

शुक्रवार होता. फाट्यावर उतरल्या तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. लाइट गेलेली. घराचं दार सताड उघडं. आत कोपऱ्यात एक दिवा, अन् म्हातारी भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेली. एकटीच.

स्वप्नाली, तू का गं गप झालीस? तुमच्यातली रीत तुला ठाऊक हाय. बाईंच्या ध्यानात आलं न्हाई.

"गुरम्मा, मी अयोध्या. मास्तरीण."

बाई वही उघडून समोर बसल्या.

"एकच नाव सांगा. ती बी कुणाची तरी लेक होती..." बाईंना रडू आवरेना. "पाया पडते तुमच्या."

मग आवाज आला. बारीक.

"रत्नम्मा... माझी अक्का... पोटुशी होती..."

बाईंनी अंधारातच लिहिलं. मग अंगठ्यासाठी हात धरला.

गार.

मागल्या दारानं मल्लिनाथ टॉर्च घेऊन आला. मागं बायका, अंघोळीचं पाणी घेऊन.

"बाई, तुम्ही कवा आलात?"

"आत्ता... आईशी बोलत होते."

त्यानं टॉर्च खाली धरला.

"आई दुपारी चारलाच गेली. आम्हा लिंगायतांत मयताला असंच बसवत्यात, बाई."

टॉर्च वर गेला. गळ्यात हार. कपाळाला विभूती. अन् हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरं फडकं. तोंड गच्च बांधलेलं.

बाईंनी कसंबसं विचारलं, "रत्नम्मा कोण?"

मल्लिनाथ खालीच बसला. "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

मनाचे खेळ, म्हणाल. रात्रभर फाट्यावर बसून बाईंनी बी स्वतःला तेच समजावलं. उजाडल्यावर वही उघडली. अक्षर त्यांचंच होतं, वेडंवाकडं. रत्नम्मा.

त्याखाली निळा अंगठा.

बाईंनी पिशवीतून पॅड काढलं. त्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.