घरच्यांची लस

ताईकडे निघाले होते. जाता जाता तळमजल्यावरच्या फ्रेमवाल्याला झापायचं ठरवलं होतं. दिवसभर नुसती ठोकाठोक! पण त्याच्या दारात पोचले आणि बोलण्याऐवजी खोकलाच सुटला. थांबेचना! शेवटी श्वास आत ओढताना घशातून असा विचित्र आवाज निघाला, की माझी मलाच लाज वाटली.

त्याने हातोडी ठेवून पाण्याचा पेला पुढे केला. नजर मात्र माझ्या हातातल्या लोकरीच्या टोपड्यावर.

"बाळाकडे निघालात?"

"ताईला मुलगी झालीय. तुम्हाला काय त्याचं?"

"आज जाऊ नका... डांग्या खोकला वाटतोय हा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "पण मला एक धाकटी बहीण होती."

माझा राग कुठच्या कुठे पळाला. तडक दवाखाना गाठला. त्याचंच खरं निघालं. भाची लस देण्याइतकीही मोठी नव्हती, आणि मी तिला छातीशी धरणार होते! आजही अंगावर काटा येतो.

औषधं झाली तरी खोकला रेंगाळला. वरचा खोकला थांबून माझा डोळा लागला की खालची हातोडी गप्प व्हायची. भाचीचा पहिला फोटो त्यानेच फ्रेम करून आणला.

"नाक मावशीवर गेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... छान आहे," म्हणत तो जिन्यावरून जवळजवळ पळालाच.

पुढे ताईने फर्मान काढलं: बाळाला घ्यायचं, तर घरच्या सगळ्यांनी आधी लस घ्यायची. मी हसत हसत त्यालाही सांगितलं. आणि आम्ही घरचे दवाखान्यात गेलो, तर बाकावर हा! चेहरा पांढराफटक.

"दिवसभर खिळे ठोकता, आणि सुईला घाबरता?"

"खिळे मला कुठे टोचतात!"

"पण लस घरच्यांनी घ्यायचीय. तुम्ही कसे काय..."

"तेच विचारायचं होतं," तो शर्टाची बाही गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला... घरचा करून घ्याल?"

तेवढ्यात नर्सने सुई टोचली. त्याने घाबरून माझा हात घट्ट पकडला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

काल त्याच भाचीचा फोन आला. तिला दिवस गेलेत. "मावशी, बाळ यायच्या आत तू आणि काका लस..."

पुढचं आमच्या ह्यांनी ऐकलंच नाही. चष्मा काढून ठेवला, बाही वर केली आणि तशाच पांढऱ्याफटक चेहऱ्याने विचारलं, "तू येशील ना गं बरोबर?"