सहा ठिपक्यांतले चार

"दोन रकाने निवडायचे, माऊसने ओढायचे, की आले ठिपके," प्रज्ञेश म्हणाला. आकड्यांचा आलेख काढणारा हा प्रोग्रॅम त्याच्या आईने कंपनीत बनवला होता. नागपूरहून कर्वेनगरच्या सोसायटीत येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, पण या सुट्टीत सगळी पोरं त्याच्याच घरी! उत्कर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या मेपर्यंत टोळीची म्होरकी ती होती.

काम मात्र तातडीचं होतं. सोसायटीचं पाणी अधूनमधून संध्याकाळीच संपायचं. वॉचमन संभाजीकाका बागेचा नळ उघडा टाकतात, असं सेक्रेटरी श्यामसुंदरकाकांचं म्हणणं होतं. रविवारच्या मीटिंगमध्ये संभाजीकाकांना काढणार होते.

काकांचा दोष नाही हे दाखवायला प्रज्ञेशने वॉचमनच्या पाळ्यांचं आणि पाण्याचं सहा आठवड्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरमध्ये भरलं. पाणी संपलेले चारही दिवस संभाजीकाकांच्याच पाळीचे निघाले.

"कॉम्प्युटरच सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," असं म्हणत श्यामसुंदरकाका खूश होऊन गेले.

प्रज्ञेशचा चेहरा पडला. उत्कर्षाला क्षणभर फार बरं वाटलं. मग खिडकीतून संभाजीकाका दिसले. ते टोळीतल्या साईच्या सायकलची चेन बसवत होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. संभाजीकाकांच्या नावावर सहा ठिपके होते, म्हणजे दुसऱ्या वॉचमनच्या सुट्टीचे सहा गुरुवार. त्यातल्या दोन दिवशी पाणी होतं. त्या दिवशी वेगळं काय होतं?

उत्तर कदाचित तिच्या वहीत होतं. लाईट गेली की टीव्ही बंद, म्हणून ती रागाने लाईट गेल्या-आल्याच्या वेळा लिहून ठेवायची. पण वही दिली, तर प्रज्ञेशचाच प्रोग्रॅम जिंकणार. रात्री जेवणही गेलं नाही. सकाळी तिने वही त्याच्यासमोर आपटली.

"लाईटचा रकाना ओढ."

ते चार ठिपके बरोब्बर लाईट गेलेल्या दिवसांवर जाऊन बसले.

"पण लाईट जाण्याचा आणि पाणी संपण्याचा काय संबंध?" साई म्हणाला.

"पंप कोण चालू करतं?" उत्कर्षाने विचारलं.

गुरुवारी तिघं पंपाच्या खोलीमागे दबा धरून बसले. सकाळी आठला श्यामसुंदरकाका आले. त्यांनी बटण दाबलं, "लाईट नाही वाटतं," असं पुटपुटले आणि बटण तसंच चालू ठेवून, कुलूप लावून नारायण पेठेतल्या आपल्या दुकानावर गेले. बाराला लाईट आली. पंप आपोआप सुरू झाला. तासाभराने गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली आणि खालच्या टाकीतलं संध्याकाळचं पाणी मागच्या नाल्यात धो धो पडू लागलं.

साईने अध्यक्ष विमलाबाईंना ओढतच आणलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "श्यामसुंदर, नळ उघडा टाकणारा सापडला. किल्ली द्या."

किल्ली संभाजीकाकांच्या हातात गेली. विमलाबाईंनी प्रज्ञेशची पाठ थोपटली, "शाबास, हुशार आहेस!" उत्कर्षा वही उचलून निघाली.

"मी तर काकांना अडकवलंच होतं, आजी," प्रज्ञेश म्हणाला. "त्यांना सोडवलं हिच्या वहीने."

संभाजीकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उत्कर्षा प्रज्ञेशकडे वळली.

"उद्या मला शिकव ते ठिपके," ती म्हणाली. "पण माऊस माझ्या हातात."